शेवटच्या पंगतीचे उतारू

परदेशी नोकरीस जाण्याची चाल आपल्या गावांना नवी नाही. आजोबांच्या पिढीतील पुष्कळजण बोटीवर गेले, त्यानंतरची पिढी आखाती देशांत गेली, आणि आज काही घरांतील मुलगे व मुली विमानकंपन्यांच्या सेवेत आहेत. कोणी वैमानिक, कोणी उतारूंची सरबराई करणारी हवाईसेविका, तर कोणी विमानतळावरील कचेरीत. अशा घराविषयी शेजारीपाजारी एक वाक्य हमखास बोलले जाते : "तिला काय, विमान फुकट! मनात आले की येईल." वाक्य कौतुकाचे आहे, परंतु ते खरे नाही, आणि त्याची किंमत बहुधा त्या मुलीलाच मोजावी लागते. नाताळला ती आली नाही, तर "फुकट असूनही आली नाही" असे म्हटले जाते आणि तो बोल तिच्या आईला लागतो. म्हणून या सवलतीच्या प्रवासाचे खरे स्वरूप काय, ते कुटुंबांनी एकदा नीट समजून घेतलेले बरे.

विमानातील आसन हा एक चमत्कारिक माल आहे. वाण्याच्या दुकानातील तांदूळ आज खपला नाही तर उद्या खपतो. विमानाने धावपट्टी सोडली की मात्र रिकाम्या आसनाची किंमत त्या क्षणी शून्य होते. असे आसन वाया घालविण्यापेक्षा आपल्या नोकरमाणसांना अल्प दरात द्यावे, हा विचार विमानकंपन्यांना फार पूर्वीच सुचला. पुढे त्यांनी एकमेकींशी करार केले : आमच्या विमानातील उरलेली जागा तुमच्या माणसांना, तुमच्या विमानातील उरलेली आमच्या माणसांना. या व्यवस्थेला त्या धंद्यात 'इंटरलाइन' असे नाव आहे. ती सरसकट सर्वांना लागू नसते. कोणत्या दोन कंपन्यांत करार आहे, त्यात पती, पत्नी, मुले, आईवडील यांपैकी कोणाचा समावेश आहे, हे करारागणिक बदलते. एका कंपनीने आईवडिलांना मान्य केले म्हणून दुसरी करीलच असे नाही.

जुन्या पद्धतीत सर्वसाधारण भाड्यावर शेकडा पन्नास, पंचाहत्तर किंवा नव्वद टक्के सूट दिली जात असे. नव्वद टक्क्यांच्या तिकिटाला 'आयडी नव्वद' म्हणत, आणि हे नाव अजूनही ऐकू येते. त्यानंतर 'झेड' नावाची पद्धत रूढ झाली. 'झोनल एम्प्लॉयी डिस्काउंट' या शब्दांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले आहे. तीत भाडे अंतराच्या टप्प्यांवरून ठरते. नाताळच्या दिवसांत लोकांच्या तिकिटाची किंमत दुप्पट झाली तरी हे भाडे वाढत नाही. मात्र सरकारी कर आणि विमानतळाचे आकार नोकरमाणसालाही भरावेच लागतात. कित्येकदा भाड्याहून कराची रक्कमच मोठी निघते. तेव्हा 'फुकट' हा शब्द येथेच गळून पडतो.

अशा तिकिटांचे दोन प्रकार आहेत. एकात आसन राखून ठेवता येते. हा प्रकार महाग असतो व क्वचित मिळतो. दुसऱ्यात काहीच राखलेले नसते. त्याला 'स्टँडबाय' म्हणतात. आखातात नोकरी करणारी आपली मुले त्यालाच 'सबलोड' म्हणतात. बहुतेकांच्या हाती असते ते हेच तिकीट. त्याचा अर्थ मराठीत सांगावयाचा तर असा : जागा उरली तर या, न उरली तर घरी जा.

आपल्याकडे लग्नाच्या जेवणावळीत पहिल्या पंगतीला पाहुणे बसतात, मग गावकरी बसतात, आणि ज्यांनी दिवसभर वाढले ती घरची माणसे शेवटच्या पंगतीला बसतात. पातेल्यात जे उरले असेल ते त्यांच्या पानावर पडते. विमानकंपनीचा नोकर सवलतीच्या तिकिटावर निघतो, तेव्हा तो या शेवटच्या पंगतीतला असतो. पूर्ण भाडे भरणारे उतारू आधी बसतात. मग ज्या कंपनीचे विमान आहे तिची स्वतःची माणसे बसतात. त्यांच्यानंतर परक्या कंपनीच्या माणसांचा क्रम लागतो. म्हणजे आपल्या घरची मुलगी दुसऱ्या कंपनीच्या विमानाने निघाली, तर ती शेजारघरच्या लग्नात वाढायला गेलेल्यांसारखी सर्वांत शेवटी बसते. तिला वाढतात ते खरे. परंतु तिने पान मागावयाचे नसते.

प्रत्यक्ष क्रम असा असतो. ती आधी आपल्या कंपनीमार्फत तिकीट घेते, आणि ज्या उड्डाणाने जावयाचे त्याच्या प्रतीक्षायादीत नाव नोंदविते. त्या विमानात किती आसने शिल्लक आहेत याचा अंदाज तिला घेता येतो. पण तो अंदाजच. आदल्या रात्री वीस जागा मोकळ्या दिसतात आणि सकाळी कोठले तरी दुसरे विमान रद्द होऊन त्यातील उतारू याच विमानात लोटले जातात. मग ती विमानतळावर जाऊन खिडकीजवळ उभी राहते. नोंदणी बंद होण्याची वेळ येईपर्यंत तिला कोणी काही सांगू शकत नाही. अखेरच्या काही मिनिटांत नाव पुकारले गेले, तर धावत सुरक्षा तपासणी आणि पारपत्राची तपासणी उरकून विमान गाठावयाचे. न पुकारले गेले, तर सामान उचलून पुढील उड्डाणाची वाट पहावयाची.

याहून एक चकवा आहे. कधी कधी आसने रिकामी दिसत असूनही प्रतीक्षा करणाऱ्यांना घेत नाहीत. याचे कारण वजन. हवा तापली की ती विरळ होते, विरळ हवेत पंखांना आधार कमी मिळतो आणि इंजिनाचा जोरही घटतो. म्हणून उन्हाळ्यात विमानाला पेलण्याजोगे वजन कमी होते. समोरून जोराचा वारा असेल तर इंधन अधिक भरावे लागते. पोटात माल भरलेला असेल तर त्याचेही वजन धरावे लागते. मर्यादा गाठली की रिकाम्या आसनालाही उतारू मिळत नाही, आणि मागे राहतो तो शेवटच्या पंगतीतलाच. तेव्हा "विमान अर्धे रिकामे होते असे म्हणतात, मग हिला कशी जागा नाही?" असा संशय घरच्यांनी घेऊ नये.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. विमानकंपनीचे कर्मचारी दोन प्रकारे उतारू होऊन प्रवास करतात. कामगिरीवर नेमलेल्या कर्मचाऱ्यांना दुसऱ्या गावचे विमान चालविण्यासाठी पोहोचवावयाचे असते, तेव्हा त्यांचे आसन कंपनीच राखते. ते न पोहोचले तर तिकडचे अख्खे उड्डाण अडते. ९ एप्रिल २०१७ रोजी अमेरिकेत शिकागोहून लुईव्हिलला जाणाऱ्या युनायटेड कंपनीच्या ३४११ क्रमांकाच्या उड्डाणात एका उतारूला फरफटत बाहेर काढण्यात आले आणि त्याची चित्रफीत जगभर पाहिली गेली. ती जागा अशाच चार कामगिरीवरील कर्मचाऱ्यांसाठी हवी होती. रजेवर घरी जाणाऱ्या नोकराला असा कोणताही अग्रक्रम नसतो. त्याच्यासाठी कोणा भाडे भरणाऱ्यास उठविले जात नाही. उलट तो आसनावर बसल्यावरही एखादा भाडेकरी उतारू उशिरा आला, तर त्यालाच उठावे लागू शकते.

त्याच वर्षी, पंधरवड्यापूर्वी, २६ मार्च २०१७ रोजी डेन्व्हरहून मिनिआपोलिसला जाणाऱ्या त्याच कंपनीच्या विमानात दोन मुलींना अंगाला घट्ट बसणाऱ्या विजारी घातल्या म्हणून चढू दिले नाही. पुष्कळ आरडाओरड झाली. मग कंपनीने स्पष्ट केले की, भाडे भरणाऱ्यांना ती अट नाही. या मुली नोकराच्या सवलतीवर निघाल्या होत्या आणि त्यांना पोशाखाचा नियम लागू होता. तो नियम योग्य की अयोग्य यावर मतभेद होऊ शकेल. परंतु त्यातून दिसते ते हे की, सवलतीवर जाणारा उतारू स्वतःच्या नावाने नव्हे, तर नोकराच्या नावाने वावरत असतो. पोशाखाचे नियम कंपनीगणिक वेगळे असतात. आईवडिलांनी खिडकीवर आवाज चढविला, तर त्याचा जाब मुलीला द्यावा लागतो. ओळखीपाळखीच्यांसाठी सवलत मागणे, किंवा मिळालेली सवलत पैसे घेऊन दुसऱ्यास देणे, यापायी नोकरी जाऊ शकते. "तुझ्या मावसभावाचे एक तिकीट काढून दे" असे सहज म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

देशाबाहेरच्या प्रवासात अडचणी आणखी वाढतात. गणवेशात कामगिरीवर असताना विमानाचे कर्मचारी परक्या देशात त्यांच्यासाठी केलेल्या वेगळ्या नियमांनी उतरतात. रजेवर असताना तीच मुलगी साधी उतारू असते. अमेरिकेचेच उदाहरण घ्या : तेथे कामगिरीवर जाण्यासाठी असलेला कर्मचाऱ्यांचा व्हिसा सहलीसाठी चालत नाही, सहलीचा व्हिसा वेगळा घ्यावा लागतो. वाटेत तिसऱ्या देशात विमान बदलावयाचे असेल आणि तेथे जागा न मिळाली, तर त्या देशाचा व्हिसा नसलेल्यास विमानतळाबाहेरही पडता येत नाही; बाकावर रात्र काढावी लागते.

अशा वेळी कायदाही पाठीशी नसतो. युरोपीय संघाने २००४ साली उतारूंच्या रक्षणासाठी जो २६१ क्रमांकाचा कायदा केला, त्यात जागा नाकारली गेल्यास २५० ते ६०० युरोपर्यंत भरपाई ठरविली आहे. परंतु फुकट किंवा सर्वसामान्य जनतेस न मिळणाऱ्या सवलतीच्या भाड्याने जाणाऱ्यांना त्या कायद्यातून स्पष्टपणे वगळले आहे. जेवण नाही, हॉटेल नाही, भरपाई नाही. आणि ही सवलत नोकरीच्या खांबावर उभी असते. खांब गेला की छप्पर गेले. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेट एअरवेजची उड्डाणे थांबली, तेव्हा हजारो कुटुंबांचा पगार थांबलाच, शिवाय कंपनीच्या विमानांतून मिळणारी जागाही त्याच रात्री संपली. २३ मार्च २०२० पासून २७ मार्च २०२२ पर्यंत भारतातून नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणे बंद होती, त्या काळात तर भाडे भरणाऱ्यांनाच जागा दुर्मिळ झाली. उरलेल्या जागेची आशा कोण करणार?

आता या प्रश्नाची सर्वांत गंभीर बाजू पाहू. घरी येणे चुकले तर मन दुखावते. परंतु कामावर परतणे चुकले किंवा थकून परतणे झाले, तर त्यात इतरांच्याही जिवाचा प्रश्न असतो. १२ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेत नेवार्कहून बफेलोला जाणारे कोल्गन कंपनीचे विमान उतरण्याच्या सुमारास एका घरावर कोसळले. विमानातील सर्व ४९ जण आणि घरातील एक गृहस्थ असे ५० जण दगावले. चौकशीत निघाले की, सहवैमानिक आदल्या रात्री दूर सिॲटलहून निघून, मालवाहू विमानांतील मोकळ्या जागेवर बसून, मेम्फिसमार्गे सकाळी कामावर पोहोचली होती. मुख्य वैमानिकही दूरच्या राज्यातून ये-जा करणारा होता. अपघाताचे मुख्य कारण, वेग मंदावल्याचा इशारा मिळाल्यावर मुख्य वैमानिकाने केलेली उलटी कृती, असे चौकशी मंडळाने ठरविले. परंतु दोघांच्या कार्यक्षमतेवर थकव्याचा परिणाम झाला असण्याचा संभव आहे, असेही त्याने नमूद केले. त्यानंतर अमेरिकेत वैमानिकांच्या विश्रांतीचे नियम कडक झाले. ते ४ जानेवारी २०१४ पासून लागू आहेत, आणि प्रत्येक कामगिरीपूर्वी आपण तंदुरुस्त असल्याचे वैमानिकास लेखी सांगावे लागते.

वैमानिकांविषयी हे जितके खरे, तितकेच हवाईसेविकांविषयीही आहे. चहाचा ट्रे फिरविणारी म्हणून आपण तिच्याकडे पाहतो. परंतु आग लागली तर दीड मिनिटात विमान रिकामे करण्याचे शिक्षण तिला दिलेले असते, आणि हेच तिचे खरे काम. ती घरून निघाली, दोन विमाने चुकली, रात्र विमानतळावर गेली आणि तशीच डोळे चोळीत कामावर उभी राहिली, तर त्या दिवशीच्या शेकडो उतारूंना ठाऊक नसताना त्यांची सुरक्षितता उणी झालेली असते. "अजून एक दिवस रहा, उद्या जाशील" असा आग्रह करणाऱ्या आईला हे कोणी सांगितलेले नसते. तिचा आग्रह मायेचा आहे. म्हणूनच हे सांगणे अवश्य आहे.

एक प्रसंग कल्पून पहा. समजा, दोहात नोकरी करणाऱ्या एका मुलाचे वडील गावी रात्री वारले. गावात मयताची तयारी सुरू झाली, दफनविधी दुसऱ्या दिवशी दुपारी ठरला. मुलाच्या हाती सवलत आहे. तो पहिल्या विमानाच्या खिडकीवर उभा राहतो, जागा नाही. दुसऱ्याच्या खिडकीवर उभा राहतो. दोन जागा आहेत आणि त्याच्यापुढे चार माणसे. मधल्या वेळात दुसऱ्या एका कंपनीचे पूर्ण भाड्याचे तिकीट मिळत होते, पण ते त्याच्या महिन्याच्या पगारापैकी बराच भाग खाणारे होते, आणि घरून कोणीतरी म्हणाले, "तुला तर सवलत आहे ना, उगाच पैसे कशाला?" तिसरे विमान मिळते तेव्हा कबर बुजवून झालेली असते. विमान दाबोळीला उतरो की हैदराबादला, तो घरी पोहोचतो तो रिकाम्या अंगणात. आयुष्यभर त्याला हे सलणार, आणि गाव म्हणणार की मुलगा विमानकंपनीत असूनही आला नाही.

यातून निघणारा नियम सोपा आहे. ज्या ठिकाणी पोहोचलेच पाहिजे, तेथे पूर्ण भाड्याचे तिकीट काढावे. मयत, सख्ख्या भावंडाचे लग्न, आईचे ऑपरेशन, आणि कामावर हजर होण्याचा दिवस, एवढ्या गोष्टी उरलेल्या जागेवर सोडू नयेत. भाडे परवडत नसेल तर भावंडांनी ते वाटून घ्यावे. लग्नाच्या जेवणावर, बँडवर आणि मंडपावर आपण जो खर्च करतो, त्यातील थोडा भाग नवरीच्या बहिणीला वेळेवर आणण्यासाठी बाजूस ठेवला, तर कोणाची मानहानी होत नाही. दफनविधीची वेळ ठरविताना दूरच्या मुलाला आधी विचारावे. त्याच्या हाती कोणते तिकीट आहे, हेही विचारावे.

जेथे न पोहोचले तरी चालते, तेथे मात्र सवलत जरूर वापरावी. गावच्या फेस्ताला ती आली तर आनंद, न आली तर पुढल्या वर्षी. तिच्या येण्याची गावभर वर्दी देऊ नये. ती विमानात बसली की फोन करील, तोपर्यंत गादी घालून ठेवावी आणि गप्प बसावे. तिने "जागा मिळाली नाही" असे कळविले, तर उलट प्रश्न न विचारता "जेवलीस का?" एवढेच विचारावे. आठ तास खिडकीवर उभी राहून परत खोलीवर गेलेल्या मुलीला तेवढे पुरे असते. परतीच्या वेळी निदान एक पूर्ण दिवस हाताशी ठेवून तिला निघू द्यावे.

आईवडिलांनी मुलांच्या सवलतीवर निघावयाचे असेल, तर उतारू कमी असतात असे दिवस निवडावे. शाळांच्या सुट्या, ईद, दिवाळी आणि नाताळ टाळावे. काही कंपन्या तर अशा दिवसांत परक्या नोकरांना मुळीच घेत नाहीत. सामान बेताचे, पोशाख नीटनेटका, औषधे हातातील पिशवीत, आणि एका पूर्ण तिकिटाइतके व एका रात्रीच्या मुक्कामाइतके पैसे जवळ, एवढी तयारी हवी. ज्यांना फार वेळ उभे राहवत नाही, त्यांनी या वाटेस जाऊ नये. ज्यांना जमेल त्यांना मात्र ही सवलत मोठा ठेवा आहे. जिने कधी जिल्ह्याबाहेर पाऊल टाकले नाही अशा आईला मुलगी लिस्बनपर्यंत नेते आणि तेथून फातिमाचे दर्शन घडविते, हे आजच्या काळात शक्य झाले आहे. एवढेच की, निघताना परतीची तारीख कोणाला सांगू नये.

शेवटच्या पंगतीला बसण्यात कमीपणा नाही. जो दिवसभर इतरांना वाढतो, त्याचेच ते स्थान असते. परंतु त्या पंगतीत बसणाऱ्याकडून पहिल्या पंगतीची अपेक्षा घरच्यांनी करू नये, हा साधा न्याय आहे. आपल्या घरात अशी मुलगी किंवा मुलगा असेल, तर या आठवड्यात तिला एक फोन करा, आणि "कधी येतेस?" असे विचारण्याऐवजी "मागच्या वेळी किती तास उभी राहिली होतीस?" असे विचारा. आजवर जे तिने सांगितले नसेल, ते तेव्हा सांगेल.